नापास लॉटचा धागा

बोईसरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात ऑपरेशनचे टाके घालायचा धागा बनतो. जंतू वाढू नयेत म्हणून त्यावर औषधाचा लेप असतो, आणि जखम भरली की तो अंगातच विरघळतो. पाकिटं तपासणं माझं काम. गेल्या वर्षी एक अख्खा लॉट मी नापास केला. सील सुटत होतं, दमट हवेनं धागा कमजोर पडला होता.

आई पालघरजवळच्या माहीमला मासळी विकते. घोळ मासा कापताना कोयता सटकला आणि तिचा डावा तळवा फाटला. पालघरच्या एका खासगी डॉक्टरने टाके घातले. चौथ्या दिवशी ते उसवले, पू झाला. डॉक्टर माझ्यासमोर तिच्यावर खेकसला, "तुम्हा लोकांना सांगून कळत नाही. हात मासळीच्या पाण्यात घातला असणार!"

"नाय डागदर, पानी लावलाच नाय मी," आई म्हणाली. खरंच होतं. चार दिवस तिला मीच भरवत होते.

पुन्हा टाके घालायला त्याने नवं पाकीट उचललं. लॉट नंबर वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नापास केलेलाच लॉट!

"थांबा." पाकीट हिसकावून पर्समध्ये टाकलं आणि आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे चांदीचं औषध असलेल्या पट्ट्यांनी जखम हळूहळू भरली. दोन बोटं मात्र आजही मिटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचं रजिस्टर उघडलं. त्या लॉटपुढे "जाळून नष्ट केला" असं लिहिलेलं, खाली स्टोअरच्या सुपरवायझरची सही. त्याच दिवशी मी औषध प्रशासनाकडे त्या पाकिटासह लेखी तक्रार दिली आणि कारखान्यात चकार शब्द काढला नाही. सुपरवायझरला रोजच्यासारखा हसून नमस्कार केला. निरीक्षक आले तेव्हा सगळ्यांदेखत मी त्याच्या सहीवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी डोळे भरून बघितला.

मग डॉक्टर फळं घेऊन घरी आला. "तुमच्या सुपरवायझरकडून धाग्याची पाकिटं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली हो. तक्रार मागे घ्या."

"आधी आईला सांगा, चूक तिची नव्हती."

दारात जमलेल्या शेजाऱ्यांसमोर त्याने हात जोडून सांगितलं. तक्रार मी मागे घेतली नाही.

"सोड गो आता, पोराबालांचा मानूस हाय," आई म्हणाली.

नाही सोडलं. सुपरवायझरची नोकरी गेली, दोघांवर खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला मी रजा टाकते आणि कोर्टात त्यांना दिसेन अशीच बसते.