एकवचनी येशू

छापखान्यात त्याला सगळे 'कानामात्रा' म्हणत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा मुद्रितशोधक. हॉटेलातल्या दरपत्रकातले ऱ्हस्वदीर्घ सुधारल्याशिवाय त्याला चहा घशाखाली उतरत नसे. आपण केवढे गाढव होतो, हे आता तो स्वतःच रंगवून सांगतो.

त्याचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चर्चचे पाळक. त्यांचा आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकांचा जाहीर वाद झाला: येशू माणूस की देव? दोन्ही भाषणांची पुस्तिका निघायची होती, आणि प्रूफं अर्थातच घरच्या विद्वानाकडे आली.

प्राध्यापकांचं म्हणणं, 'देवपुत्र' ही पदवी त्या काळी रोमचे सम्राटही नाण्यांवर मिरवत. येशू हे थोर गुरू होते, देवपण लोकांनी मागाहून चढवलं. भाऊजी म्हणत, मागाहून कुठलं? एका देवाशिवाय कुणापुढे मान न तुकवणाऱ्या यहुद्यांनीच त्याच्या मरणानंतर वीसेक वर्षांच्या आत त्याला प्रभू म्हटलं, ते का?

कानामात्राला दोघांचंही पटलं. खटकलं ते वेगळंच. प्राध्यापक लिहीत 'येशू म्हणाले', आणि भाऊजी, चांगले पाळक असून, 'येशू म्हणाला'! अरे, एवढ्या मोठ्या व्यक्तीला अरेतुरे? त्यानं लाल पेन उचललं आणि भाऊजींचं पान न् पान आदरार्थी करून टाकलं. 'तो देव आहे'चं 'ते देव आहेत' झालं. एकसूत्रता साधली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

वादाच्या दुसऱ्या सभेत पुस्तिका वाटली गेली. प्राध्यापक उठले. "आपण देवाला 'तू' म्हणतो आणि गुरुजींना 'तुम्ही'. पाळकसाहेबांनीही येशूंना गुरुजी केलं, आनंद आहे. वाद मिटला!" सभागृह खो खो हसलं. भाऊजी नुसती पुस्तिका चाळत राहिले. पानांवर टपटप आसवं पडली. व्हरांड्यात ताईनं कानामात्राला गाठलं. "तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली, "आणि आमच्या दारात पाऊल टाकू नकोस."

पाचावर धारण बसली त्याची. आई गेल्यावर याच ताईनं त्याला वाढवलेलं. हक्कानं जावं असं दुसरं दार त्याला नव्हतंच. चार दिवस अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं माफीचं पत्र लिहिलं, आणि यावेळी आदरात कसर ठेवली नाही: 'आदरणीय ताई, आपण मला क्षमा करावी. आपले उपकार मी जन्मात विसरणार नाही.' तीनतीनदा तपासलं. एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती.

तिसऱ्या दिवशी पत्र परत आलं. उघडलं, तर लाल शाईनं माखलेलं. 'आदरणीय' खोडलेलं. 'आपण'वर काट, वर 'तू'. 'आपले'चं 'तुझे'. ओळ न् ओळ तशीच. आणि खाली ताईचं अक्षर: 'मी परकी झाले का रे? आईला कधी आपण म्हणालास? तिला तू म्हणायचास, म्हणून काय ती लहान झाली? अजून कळलं नाही ना तुला, भाऊजी का रडले ते. मूर्खा.'

कानामात्रानं लाल दुरुस्त्या एकेक करून वाचल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची चूक काढली होती, आणि एकही दुरुस्ती नाकारण्यासारखी नव्हती. पत्र पुन्हा लिहायच्या भानगडीत तो पडलाच नाही. चपला अडकवल्या, तडक ताईचं घर गाठलं आणि दाराबाहेरूनच रडवेला होऊन ओरडला, "ए ताई, चुकलो गं! दार उघड ना!"