लाल लेबल लाल कव्हरात

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम म्हणजे रेकॉर्डी धुणं. दरसाल थंडी पडली की आम्ही त्या धुवायचो. अंगणात घमेलं, घमेल्यात रिठ्याचं कोमट पाणी. मी रेकॉर्ड दोन तळहातांत काठावर धरायचो, पाण्यात फिरवायचो आणि तिच्याकडे द्यायचो. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसून बाजेच्या सुंभात उभी करायची. बाज लिंबाच्या सावलीत, कारण उन्हात रेकॉर्ड पापडासारखी वाकते.

इतक्या वर्षांच्या धुण्यानं लेबलांवरची अक्षरं कधीच गेली होती, रंग तेवढे उरले होते. आमचं काही अडत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, ती शाळेत गेलीच नाही. कोणत्या कव्हरात कोणती रेकॉर्ड हे मला पाठ होतं, आणि भरायचं काम माझं असायचं. त्या दिवशी मी चहा ठेवायला आत गेलो, तेवढ्यात तिनं भरायला सुरुवात केली. बाहेरूनच म्हणाली, "अजी, एकीचं कुंकू सुटून माह्या हातात आलं."

लेबलाला ती कुंकू म्हणायची.

"कोणतीचं व?"

"काय माईत. सगळ्या काळ्याच. तुम्ही चहा पाहा, उतू जाऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि त्याच आठवड्यात ती गेली. रेकॉर्डींची पेटी मी उघडली नाही. उघडायचं काही कारणही नव्हतं.

आता या रेकॉर्डी आल्या कुठून ते सांगतो. माझा भोंग्याचा धंदा होता. धामणगाव बढ्यापासून नांदुऱ्यापर्यंत लग्न, बारसं, उरूस, काही असो, भोंगा माझा. हिंदूच्या मांडवात भजन आणि बँड, मुसलमानाच्या मांडवात कव्वाली, आणि रात्री जेवणं झाली की दोन्हीकडे लावणीची फर्माईश. पुढं कॅसेटी आल्या, तेव्हा नांदुऱ्याच्या दुकानदारांनी रेकॉर्डी भंगारात काढल्या. मी पोत्यानं उचलून आणल्या. त्यात इंग्रजी नाचाची होती, पाखरांच्या आवाजाची होती, एक तर कपाशीवर फवारणी कशी करायची ते सांगणारी होती. बायको म्हणाली, "ही कोणाच्या लग्नात वाजवता?" वाजवली नाही कधी, पण टाकलीही नाही.

एक रेकॉर्ड मात्र धंद्याची नव्हती. सनईची. आमच्या घरच्या सगळ्या हळदी तिच्यावर लागल्या. एका जागी ती अडकते, तेच तेच वाजवत बसते. तिथं आमची बुढी, म्हणजे बायको, रेकॉर्डीच्या मशीनवर थाप मारायची आणि सनई पुढं सरकायची. थापेचा अंदाज तिलाच होता. मी मारली की सुई उड्या मारायची.

या वर्षी नातीचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि ती पोट्टी माझ्यापुढं येऊन बसली.

"आबा, मोबाईलवरची सनई मले नको. घरातली पाह्यजे."

"मशीन बिघडलं."

तिनं काही वाद घातला नाही. फोन करून रोहिणखेडच्या मिस्त्रीला बोलावलं. हा माझा भोंग्याच्या काळातला मुसलमान दोस्त, अजून फटफटीवर फिरतो. त्यानं मशीन उघडलं, फुंकर मारली, चालू करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, मशीन एकदम ठीक हाये. बिघडले तुम्ही."

मग उघडली पेटी. वरच कोपऱ्यात तिचं पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं. नात ते उचलायला गेली.

"राहू दे ते," म्हटलं. माझाही हात तिकडं गेला नाही.

सनईचं निळं कव्हर काढलं, रेकॉर्ड लावली, तर बँड. म्हटलं, असेल कुठं शेजारी. भजनाचं लाल कव्हर काढलं, तर कव्वाली. मिस्त्री मांडी ठोकून बसला. "वा भाऊ, भजनात आमचा नंबर लागला." कव्वालीच्या हिरव्या कव्हरातून फवारणीवाला माणूस निघाला आणि पंपाची नळी कशी धरायची ते सांगू लागला. लसूण सोलणाऱ्या बायका लसूण सोडून आल्या. लावणीच्या कव्हरात पाखरं. पाखरांच्या कव्हरात वग, त्यातला राजा शिपायाला झाप झाप झापत होता. पिवळ्यातून इंग्रजी नाच निघाला, तेव्हा माझी बहीण, जिला गुडघ्यानं उठवत नाही, तिनं बसल्या जागी खांदे उडवले.

सगळे हसून राह्यले आणि माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "या बुढीनं साऱ्या रेकॉर्डीचा सत्यानाश केला. एवढं सांगितलं होतं, हात लावू नको."

बोललो आणि बरं वाटलं. ती गेल्यापासून मी तिच्यावर चिडलोच नव्हतो. सगळे तिला देवमाणूस म्हणत होते आणि मीही मान हलवत होतो.

सून रेकॉर्डी हातात घेऊन पाहत होती. ती म्हणाली, "मामाजी, सत्यानाश नाई. लाल लेबल लाल कव्हरात, हिरवं हिरव्यात. आत्याबाईनं रंगावरून लावल्या."

पाहिलं तर खरंच. एकही चूक नाही. माझ्या हिशेबानं सगळं चूक, तिच्या हिशेबानं सगळं बरोबर.

पण सगळी कव्हरं रिकामी केली तरी सनई निघाली नाही. मिस्त्रीनं मशीन बंद केलं. नात म्हणाली, "जाऊ द्या आबा, बँड लावू," आणि तोंड फिरवून उठली.

तेव्हा मला ते कुंकू आठवलं. जिचं लेबलच सुटलं, तिला रंग कुठला? बुढी तिला कोणत्या कव्हरात घालणार? आणि काही उघडं ठेवायची तर तिला सवय नव्हती. भाकरीवर फडकं, पाण्यावर झाकण.

पेटीतलं फडकं उचललं. जड लागलं. घडी उलगडली तर आत सनई, मधोमध कुंकवाच्या जागी नुसता डिंकाचा डाग.

"पोट्टे, इकडं ये," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ केली. मशीन ओट्यावर मांडलं. नातीला पाटावर बसवलं, तिच्या आईनं पहिलं बोट लावलं आणि मी सुई ठेवली. सनई चांगली वाजली, मग त्या जागी येऊन अडकली. मी थाप मारली. सुई उडून पार शेवटी गेली.

"आबा, आजी अशी नाई मारे," गालावर हळद घेऊन पोट्टी हसून राह्यली. "पोरगं निजवल्यावानी मारे."

पुन्हा पहिल्यापासून लावली. अडकली. या वेळी तळहात हलकाच टेकवला, आणि सनई पुढं सरकली.

हळद आटोपल्यावर रेकॉर्ड फडक्यात गुंडाळली. बाकीच्या ओट्यावर पसरल्या होत्या, त्या भरायला बसलो. लाल लालात, हिरवी हिरव्यात.