टीग डॉक्टरांची बोटं

अमेरिकेत, आमच्या मिसूरीतल्या गावात टीग डॉक्टर ऑस्टिओपॅथ होते, म्हणजे नुसत्या हातांनी पाठ-फासळ्या मोकळ्या करणारे, आणि सर्जनही. माझं पित्ताशय काढल्यावर दुसऱ्या दिवशी ते त्यांची शेवटची शिष्या जनेल हिला घेऊन आले. मला नीट श्वास घेता यावा म्हणून पाठीखाली बोटं सरकवून फासळ्या हलक्या कशा उचलायच्या, ते तिला दाखवत होते.

"आयुष्यभर नाटकात खोटा मेलास," ते मला म्हणाले, "आता जरा खरा श्वास घे."

हसलो, तर टाके दुखले.

जनेल हळूच म्हणाली, "सर, नव्या नियमांमुळे आपल्याकडचं सर्जरीचं शिक्षण जूनमध्ये बंद होतंय. माझं एक वर्ष राहिलंय आणि ते पुरं करायला मला घ्यायला मोठ्या हॉस्पिटलांनी नाही म्हटलंय. मी सर्जन कशी होणार?"

संवाद विसरलेले नट मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना विंगेतून कुणीतरी शब्द पुरवतं. इथे विंगेत कुणी नव्हतं.

"हात असा ठेव," एवढंच डॉक्टर म्हणाले. माझ्या पाठीखाली त्यांनी तिचं एकेक बोट आपल्या बोटांनी फासळीवर बसवलं. मी नाटकातल्या मेलेल्यासारखा श्वास रोखून पडून राहिलो.