पुढच्या दोन खोल्या

संघपाल इंदापुरात वीज मंडळात लाइनमन होता. घर त्याचं स्वतःचं होतं, पण त्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सात वर्षं मी राहिलो आणि तो बायकापोरांसह मागं पत्र्याखाली राहिला. भाडेकरू ऐसपैस आणि मालक परसात, असा हा उलटा कारभार. लोक हसायचे. मीही कधीमधी हसलोय, ते आधीच कबूल करून टाकतो.

एक्क्याण्णव साली पाटबंधारे खात्यानं माझी बारामतीहून इंदापूरला बदली केली. मी कारकून, पगार बेताचा, पदरात बायको सारजा आणि दोन वर्षांची वैष्णवी. आमचं मूळ गाव कऱ्हाटी. वडलांची, आबाजींची, सगळी हयात मेंढरांमागं गेली, त्यामुळं भाड्याचं घर शोधणं हे आमच्या खानदानात मीच पहिल्यांदा करत होतो. संघपालचं घर बघून आल्यावर पाहुण्यांनी कान भरायला सुरुवात केली, बौद्धाच्या घरात राहणार का म्हणून. मी काही मोठा सुधारक नव्हतो. भाडं बाकीच्यांपेक्षा पन्नास रुपयांनी कमी होतं आणि नळाला दोन्ही वेळ पाणी होतं. म्हणून गेलो.

घर नवंकोरं होतं. पुढं स्लॅबच्या दोन खोल्या, आत स्वयंपाकघर, खाली शहाबादी फरशी, छताला पंखा. मागच्या बाजूला बांधकामाच्या वेळी सिमेंट ठेवायला म्हणून केलेली पत्र्याची खोली होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही अडगळीची असणार. संध्याकाळी तिच्यातून करुणावैनी कंदील घेऊन बाहेर आल्या, मागोमाग चार वर्षांची प्रियदर्शनी. हेच आमचे मालक. वीज मंडळाच्या माणसाच्या खोलीत कंदील कसा, असं मी विचारलं, तर संघपाल म्हणाला, "येक बल्ब हाय की. तुमच्या वैनींच्या शिलाई मशीनवर लावलाय. आमाला काय, कंदील चालतोय."

हिशेब सरळ होता. बँकेचं पंधरा वर्षांचं कर्ज, घराचे कागद बँकेत गहाण. पगारातून हप्ता जायचा तो जायचाच. त्याच्यावर माझं सगळं भाडं दर महिन्याला जादा भरायचा, म्हणजे मुद्दल लवकर उतरतं. पंधरा वर्षांचं सहा वर्षांत संपवायचं, असं नवराबायकोंनी ठरवलेलं. बँकेतला माणूस त्याला पहिल्यांदा म्हणाला होता म्हणे, की अहो, लोक मुदत वाढवून मागायला येतात आणि तुम्ही पुढचे पैसे आत्ताच का आणता? संघपालनं तेव्हा नुसती पावती मागून घेतली होती.

मला मात्र त्यानं एकदा सांगितलं. आमचा फ्यूज उडाला होता, तो बसवता बसवता बोलला. माणसाचे हात कामात असले की तोंड मोकळं होतं, निदान त्याचं तरी व्हायचं. बारामतीत तो लग्नानंतर एका खोलीत भाड्यानं राहायचा. घरमालकीण मायाळू होती, करुणावैनींना नववा महिना लागला तेव्हा मेथीचे लाडू करून दिले होते तिनं. प्रियदर्शनी जन्मली, संघपालला आनंद झाला आणि त्यानं बाबासाहेबांचा फोटो आणून भिंतीला लावला. तोवर लावला नव्हता. मालकीणबाई बाळ बघायला आल्या, फोटो बघितला, चहा न घेताच गेल्या. तीन दिवसांनी निरोप आला, खोली खाली करा.

"पोरगी सव्वा महिन्याची व्हती," संघपाल म्हणाला. "फोटो उतरीवला असता तर ऱ्हायलो असतो कदाचित. पर न्हाय उतरीवला." मग चार वर्षं करुणावैनी माहेरी पणदऱ्याला आणि हा इंदापुरात दोस्तांच्या खोलीवर. "तवाच ठरीवलं, झुंबरराव. घर आपलं बांधायचं. आन त्याच्यावर कुणाचा हात नगं, बँकेचा बी नगं. आन येक, माझ्या तोंडातनं कुणाला खोली खाली कर म्हनून शब्द जायचा न्हाय."

मी मान हलवली. शेवटचं वाक्य माझ्याच कामी येणार आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

ती सहा वर्षं मी खिडकीतून बघितली. संघपाल सकाळी खांबावर चढायला जायचा, रविवारी सायकलला वायरची वेटोळी अडकवून आसपासच्या गावांत घरांची फिटिंग करायला जायचा. करुणावैनी शाळेचे गणवेश शिवायच्या. मेपासून ऑगस्टपर्यंत त्यांची मान सरळ झालेली मी बघितली नाही. त्र्याण्णवला धाकटा बुद्धघोष झाला, तेव्हा बाराव्या दिवशी त्या मशीनवर बसल्या. सारजा रागावली तर म्हणाल्या, "जून काय माझ्या बाळंतपणासाठी थांबतोय व्हय?" जेवताना संघपाल ताटावरच पेंगायचा. एकदा घास हातात धरून झोपला होता आणि प्रियदर्शनी त्याचं मनगट धरून तो घास त्याच्या तोंडात घालत होती. कौतुकानं नाही, रोजचं काम असल्यासारखं.

उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी कुणालाही थांबता येत नसे. पोरं आमच्या भिंतीच्या सावलीला पोतं टाकून अभ्यास करायची. सारजा म्हणायची आत या, पंख्याखाली बसा. ती कधी यायची, बऱ्याचदा नाही. आईनं बजावलं होतं, भाडं घेतलंय त्यांच्याकडून, आत त्यांचं घर हाय.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये कर्ज फिटलं. संघपाल बँकेतून घराचे कागद घेऊन आला तो आधी आमच्याच दारात. पेढ्यांचा पुडा उघडून पहिला पेढा त्यानं वैष्णवीला दिला. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण त्या दिवशी मला तो साठीचा वाटला. म्हणाला, "सुटलो, झुंबरराव." मग काहीतरी बोलायचं होतं त्याला. दारातच उभा राहिला, पंख्याकडं बघितलं, "आवाज करतोय का हो?" असं विचारलं आणि गेला.

संध्याकाळी जेवताना सारजा म्हणाली, "आता त्यांना घर लागंल. आपुन दुसरं बघावं."

"सांगतील की," मी म्हणालो.

या दोन शब्दांवर मी चौदा महिने काढले. ते सांगणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. फ्यूज बसवताना त्यानंच सांगितलं होतं. तरी मी सांगतील की, सांगतील की, करत राहिलो. आधी वैष्णवीची परीक्षा होती. मग पावसात कुठं बिऱ्हाड हलवायचं. मग दिवाळी आली. मग ऑफिसात बदलीची कुणकुण होती, म्हटलं दोनदा कशाला सामान बांधा. कारणं एकाहून एक चांगली होती, आणि खरं कारण एवढंच, की इंदापुरात त्या भाड्यात तसं घर मला मिळालं नसतं. एक तारखेला मी भाडं नेऊन द्यायचो. आता ते बँकेत भरायचं नव्हतं. संघपाल ते घेताना ओशाळायचा. ओशाळायला हवं होतं ते मी.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो होतो. मागच्या बाजूनं करुणावैनींचा आवाज चढला. "सहा वर्षं म्हनला व्हता तुमी. सातवं सरत आलं. पोरगी उंच झाली, कडंला उभी ऱ्हायली की पत्र्याला डोकं लागतंय तिचं. तुमी सांगत न्हाय तर मी सांगती त्यास्नी."

"न्हाय सांगायचं."

"का?"

"माझ्या तोंडानं न्हाय आन तुझ्या बी न्हाय. शिकलेला मानूस हाय. कळंल त्यांचं त्यांना."

मी उठलो आणि रेडिओचा आवाज मोठा केला. आयुष्यात बरीच हलकी कामं केली असतील, पण हे असं, की आठवलं तर एकटा असताना सुद्धा कान तापतात. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागही आला. हा कसला चांगुलपणा, जो समोरच्याला नागडा करून सोडतो? तोंड उघडून म्हण ना, बाबा, खोली सोड. मी दुसऱ्या दिवशी सोडली असती. निदान आठ दिवसांत तरी नक्कीच.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये माझी बदली झाली, पुन्हा बारामतीला. तेव्हा घर सोडण्याचं श्रेयही माझं नाही, खात्याचं आहे. त्या महिन्यात आमच्याकडं कऱ्हाटीचे पाहुणे सुट्टीला आले होते, दहा दिवस पुढच्या खोलीत ओळीनं झोपायचे, पंखा रात्रंदिवस फिरत होता. एकतीस तारखेला टेम्पो लावला. संघपालनं कपाट उचलायला खांदा दिला, करुणावैनींनी वाटेत खायला धपाटी बांधून दिली. मी चार लोकांसमोर छोटंसं भाषणही ठोकलं, सख्ख्या भावासारखे राहिलो वगैरे. सारजा माझ्याकडं बघत नव्हती.

जूनच्या बारा तारखेला सकाळी मी बारामतीच्या स्टँडवर मोरगावची गाडी बघत उभा होतो. समोर संघपाल दिसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, शेजारी नवी पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर प्रियदर्शनी बसलेली. अकरा वर्षांची, पण खरंच उंच झाली होती. नवा गणवेश आईच्या हातचा होता हे शिवणीवरून कळत होतं.

"कुठं निघाली स्वारी?" मी विचारलं.

"शाळंला," संघपाल म्हणाला. "पणदऱ्याला आजीच्या पाया पडून आलो, आता पुण्याची गाडी." मग सांगू लागला, "पुण्याच्या पुढं निवासी शाळा हाय. परीक्षा पास झाली. आता बारावीपतोर तितंच. दिवाळीला आन मे म्हैन्यात यील घरी, पावन्यासारकी."

मी तोंडभरून शाबासकी दिली. मग विचारलं, निकाल कधी लागला?

"येप्रिलात."

"एप्रिलात? अरे, मग मला बोलायचं नाही का? पोरगी जाणार, निदान महिना-दोन महिने तरी..."

संघपालनं ट्रंकेचं कुलूप ओढून बघितलं. "तुमच्याकडं पावनं आलं व्हतं," तो म्हणाला. "आन कसं बोलायचं, झुंबरराव?"

कुणाशीही बोलावं म्हणून मी प्रियदर्शनीकडं वळलो आणि विचारलं, काय गं, पुढच्या खोलीत आवडलं का?

"व्हय काका," ती खुशीत म्हणाली. "तुमची खोली लय गार हाय. अकरा दिवस झोपले मी तितं."

संघपाल लगबगीनं म्हणाला, "तुमची काय म्हनतीस येडे? आपली हाय ती."

तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि जीभ चावली. "चुकलं काका," असं ती मला म्हणाली. मला. तेवढ्यात पुण्याची गाडी फलाटाला लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. मी ट्रंक उचलली, रेटारेटी करत आत शिरलो आणि तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.