डावऱ्याचा हात

डावऱ्याच्या आसपास कुठलीही वस्तू जमिनीपर्यंत पोचत नसे. पिंगळी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आम्ही दोघे बसलो, की गप्पा मारता मारता मी नाटकातल्या खलनायकाच्या गांभीर्याने बशी कोपराने कडेला ढकलायचो. बशी पडायची. डावऱ्याचं वाक्य तुटायचं नाही, मान वळायची नाही, आणि बशी त्याच्या डाव्या हातात असायची. हॉटेलवाला मामू गल्ल्यावरून मला दम द्यायचा, "मियाँ, जिस दिन फुटली ना, त्या दिवशी तुझ्या टाळूवर चहा ओतून पिणार." ती कधीच फुटली नाही.

"कसं जमतं रे हे?" म्हटलं की तो खांदे उडवायचा. "मला काय माहीत? हात माझ्या आधी निघायलाय. मी आपला त्याच्या मागं जायलोय."

पण खरी गंमत पुढे होती. डाव्याने झेललेली वस्तू तो डाव्याने कधी परत देत नसे. आधी ती उजव्या हातात घ्यायची, डावा पँटीला पुसायचा, मग उजवा पुढे. ही करामत काकूंची, म्हणजे त्याच्या आईची. डाव्या हाताने घेतलं-दिलं की समोरच्या माणसाचा अपमान होतो, हा धडा त्यांनी लहानपणीच त्याच्या डाव्या बोटांवर पळीने गिरवून घेतला होता.

तो फौजेत गेला आणि काही वर्षांनी त्याने कमांडोंच्या निवडीसाठी नाव दिलं. मी काय थांबतोय? निकालाआधीच गावभर सांगून मोकळा झालो. आणि एके दिवशी मी काकूंकडे बसलो असताना हा डोक्यावर ट्रंक घेऊन रजेवर दारात उभा. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसट्या, रेल्वे सगळं थांबलेलं, म्हणून परभणीहून रुळाच्या कडेने चालत आला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काठी पडली."

उस्ताद, म्हणजे तिथले शिकवणारे हवालदार, दोन हातांत दोन काठ्या धरून समोर उभे राहत आणि न सांगता एक सोडून देत. ज्या बाजूची सुटेल, त्या बाजूच्या हाताने ती हवेतच धरायची. उजवीकडच्या साऱ्या ह्याने धरल्या. डावीकडची सुटली की ह्याचा उजवा हात आडवा धावायचा, आणि काठी जमिनीवर.

"अरे, तुझा डावा म्हणजे वीज," मी म्हणालो.

"निघालाच होता की तो. पण समोर उस्ताद हाय. गुरूच्या हातातलं डाव्यानं कसं घ्यावं? मीच आवरून धरला त्याला."

उस्तादांनी त्याला पलटणीत परत पाठवताना सांगितलं होतं, "अगली बार दोनों हाथ लेके आना." ती अगली बार म्हणजे शेवटची संधी होती.

काकू आतून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पूजेला बसल्या. त्यांच्या घराण्यात गळ्यातलं शिवलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजतात. विभूती लावता लावता काकू थांबल्या आणि तळव्याकडे बघत राहिल्या.

"महादेव रोज ह्याच हातावर बसायलाय," त्या हळूच म्हणाल्या, "आन् मी लेकराचा नेमका हाच हात बडवला."

पूजा आटोपली आणि अंगणात लढाई सुरू झाली. एका बाजूने काकू गोवऱ्या फेकत, दुसऱ्या बाजूने मी वांगी. डावीकडे काही आलं आणि सवयीने उजवा हात आडवा गेला, की तीच जुनी पळी आता उजव्या बोटांवर बसायची. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय वो काकू, एवढ्या मोठ्या लेकाला गोवऱ्यांनी मारायलाव?"

"मारत न्हाई वो," काकू पुढची गोवरी उचलत म्हणाल्या, "कमांडो करायले."

रजा संपली तेव्हा डावऱ्या एकाच क्षणी उजव्या हातात माझं वांगं आणि डाव्या हातात आईची गोवरी धरत होता. माझ्या घरी मात्र वांग्याची भाजी खाऊन सगळे वैतागले होते.

पुढच्या खेपेला तो निवडला गेला. कमांडोंची तांबडी टोपी घालून तो स्टेशनावर उतरला तेव्हा माझी छाती त्याच्यापेक्षा चार बोटं जास्तच फुगली होती. आम्ही हॉटेलात शिरलो आणि मामूने, होय मामूने, स्वतःच्या कोपराने बशी ढकलली. डावऱ्याने ती धरली आणि त्याच हाताने पुढे केली. मामूने ती दोन्ही हातांनी घेतली.

नामांतर झालं त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. डावऱ्या ड्यूटीवरून वर्दीतच धावत आला. त्यांच्यात दहन करत नाहीत, बसवून माती देतात. काकूंच्या डाव्या तळव्यावर त्यांचं लिंग ठेवलं होतं. मूठमातीची वेळ झाली आणि डावऱ्याने डावी मूठ भरली.

मागून एक म्हातारे पुटपुटले, "लेकरा, उजव्यानं."

पण उजवा मोकळा नव्हता. डावीतून माती सुटत होती, आणि त्याच क्षणी उजवा कपाळाशी जाऊन सलामीत ताठ उभा होता.