अध्यक्ष बाकड्यावर बसले तेव्हा

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी अध्यक्ष आमच्या तळेगावच्या घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "बाई, आमच्या संस्थेवर विश्वस्त म्हणून या."

ते रेल्वेत इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर लोणावळ्यात राहायला आलेले. कामशेतला भाताच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर संस्थेचं केंद्र होतं. मानसिक आजार असलेली मावळातली माणसं तिथे यायची. दोन खोल्या, एक समुपदेशक ताई आणि दर बुधवारी पुण्याहून येणारे डॉक्टर, एवढाच संसार.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"कळायला डॉक्टर आहेत. मला बैठकीला वेळेवर येणारं माणूस पाहिजे."

मी हो म्हटलं ते त्यांच्याकडे बघून. त्यांच्या धाकट्या भावाला कॉलेजात असतानाच स्किझोफ्रेनिया झाला होता. आईवडिलांच्या पश्चात भाऊ यांच्याकडेच राहिला. जिथे बदली होईल तिथे त्याला घेऊन गेले, त्याच्या गोळ्या, त्याचं फिरणं, त्याच्या अबोल्याचे दिवस, सगळं नवराबायकोंनी मिळून सांभाळलं. ते याबद्दल मोकळेपणाने बोलायचे. बेडशाच्या देवळात, वडिवळ्याच्या शाळेत, जिथे चार माणसं जमतील तिथे उभे राहायचे आणि सांगायचे, "घरात लपवू नका. लवकर या."

गेल्या पावसाळ्यात भाऊ वारला. हृदयविकाराने, झोपेतच गेला. दिवसकार्य झाल्यावर लगेचच्या बैठकीला अध्यक्ष हजर होते. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पहिला विषय वाचायला घेतला. आम्हाला वाटलं, माणूस खंबीर आहे.

दिवाळीनंतर त्यांचं येणं थांबलं. पहिल्यांदा पाठ धरल्याचा निरोप आला, नंतर पाहुणे आलेत असा. मग निरोपही येईना. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं तर तेवढा अंगठा दिसायचा. आमच्यातले वकील म्हणाले, "दमले असतील. त्यांना थोडं मोकळं सोडू या." मलाही ते पटलं. पण समुपदेशक ताई मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा जाऊन या ना."

मी गेले. दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी उघडलं. अध्यक्ष मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर शाल, बाजूला घडी न मोडलेली वर्तमानपत्रं. मला पाहून उठायला लागले आणि पुन्हा बसले.

मी केंद्रातल्या चार गोष्टी सांगितल्या. ते ऐकत होते की नव्हते, कळलं नाही. वहिनींनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मग ते म्हणाले, "बाई, अंघोळीला जायचं म्हटलं तरी ड्यूक्स नोजचा कडा चढायचा आहे असं वाटतं."

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून असेल. आधी कामात होतो, कळलं नाही."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली. निघायच्या वेळेला नको म्हणतात."

"कामशेतला या," मी म्हटलं. "मी लोकलमध्ये तुमच्याबरोबर बसते."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तिथे सगळे ओळखतात मला."

"हो."

साय बाजूला सारून मी चहा प्याले आणि निघाले. फाटकाशी वहिनींनी माझा हात धरला आणि लगेच सोडला.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "बुधवारी येतो म्हणतायत. तुम्ही याल का?"

मी लोणावळ्याला गेले आणि आम्ही तिघं लोकलने कामशेतला आलो. गिरणीचा जिना चढताना ते मधेच थांबले. मला वाटलं, आता परत फिरतात. पण कठडा धरून वर आले. समुपदेशक ताईने त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि बाहेर गॅलरीतल्या बाकड्यावर सगळ्यांबरोबर बसले.

तिथे पवनानगरहून आलेली एक म्हातारी होती. मुलाला घेऊन ती गेली दोन वर्षं येत होती. तिने त्यांना निरखून पाहिलं.

"सायेब, तुमी हितं का बसलाय? आत न्हाई गेला?"

"आज औषधाला आलोय, मावशी."

"तुमी?"

"हो. मीच."

"व्हय का." तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकड्यावर जागा केली. "नीट बसा मग. आन गोळ्या मधीच सोडू नगा. ह्यानं सोडलेल्या, लय तरास झाला आमाला."

"नाही सोडणार," ते म्हणाले. वहिनी जिन्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना मी पाणी दिलं.

औषधं सुरू झाली. महिनाभराने त्यांनी आम्हा विश्वस्तांना कळवलं की त्यांना राजीनामा द्यायचा आहे. बैठकीला ते स्वतः आले. चेहरा उतरलेलाच होता, पण दाढी केलेली होती. वकील म्हणाले, "राजीनाम्याची गरज नाही, असं माझं मत. पण एक अडचण आहे. ज्या डॉक्टरांची नेमणूक आपण करतो, त्यांच्याकडेच अध्यक्ष उपचार घेणार, हे नियमाला धरून दिसत नाही."

मला वकिलांचा राग आला. त्या दिवशी ही कायद्याची भाषा कशाला, असं वाटलं. पण घरी येताना विचार केला तेव्हा पटलं, त्यांचं बरोबर होतं. उद्या डॉक्टरांबद्दल कुणी तक्रार केली तर अध्यक्षांनी कुठल्या खुर्चीत बसून ऐकायची?

बैठकीत तर अध्यक्षांनीच ते आधी मान्य केलं. "मग मला पेशंट राहू द्या," ते म्हणाले. "अध्यक्ष दुसरा मिळेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते पद नको होतं. मी तसं सांगितलंही. शेवटी ठरलं की ते विश्वस्त राहतील, डॉक्टरांसंबंधीचा विषय निघाला की बाहेर जाऊन बसतील, आणि अध्यक्षपद काही काळ मी सांभाळीन. वकिलांनी ठरावात "प्रकृतीच्या कारणास्तव" असं लिहिलं. ते अध्यक्षांना वाचून दाखवलं. "चालेल," ते म्हणाले. "बाकीचं मी सांगेन ज्याला सांगायचं त्याला."

बरं वाटायला वेळ लागला. उन्हाळ्यात एकदा त्यांची तब्येत पुन्हा ढासळली, तेव्हा वहिनींनी रोज संध्याकाळी मला फोन केला. डॉक्टरांनी औषध बदललं. पाऊस लागायच्या सुमारास ते एकटे लोकलने यायला लागले.

गावातल्या सभांना ते आता पूर्वीसारखे जात नाहीत. एकदाच आले, वडिवळ्याला, भात लावणीची गडबड संपल्यावर. शाळेच्या ओसरीत बायका जास्त, पुरुष मागे भिंतीला टेकलेले. अध्यक्ष उभे राहिले आणि पूर्वीचं भाषण त्यांनी केलं नाही. भावाबद्दल दोन वाक्यं बोलले, मग स्वतःबद्दल. आवाज बारीक होता. मागच्या पुरुषांपैकी एकाने विचारलं, "आता झोप लागती का, सायेब?"

"लागते," ते म्हणाले. "रोज नाही, पण लागते."

सभा संपल्यावर तो माणूस आमच्या गाडीपर्यंत चालत आला आणि केंद्र कुठल्या वारी उघडं असतं ते ताईला विचारून गेला.

अध्यक्षपद अजून माझ्याकडेच आहे. मी दोनदा परत देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा फोन येतो. गेल्या खेपेला गॅलरीवर पत्रा टाकण्याचा विषय मी सगळ्यात शेवटी ठेवला होता.

"तो पहिला घ्या, बाई," ते म्हणाले. "त्या बाकड्यावर पाऊस आत येतो. मला माहीत आहे."