हेडरमधली रिकामी जागा

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आम्ही पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवतो. एक डबा विहिरीजवळ, दुसरा वर टाकीपाशी. टाकीचा डबा रेडिओवरून पाण्याची पातळी कळवतो आणि विहिरीचा डबा त्यावरून पंप चालू-बंद करतो. टाकी भरल्याचं कळलं नाही तर पंप विहीर उपसत राहतो, मग कोरडा फिरून जळतो.

मला कामाला लागून तीन महिने झाले होते. ‘सी’ भाषेतला जुना प्रोग्रॅम नीट लावायचं काम माझ्याकडे होतं. कोणती माहिती कोणत्या क्रमाने ठेवायची हे सांगणारी हेडर फाइल खरं तर एकच हवी. तिच्या पाच प्रती पाच फोल्डरांत पडल्या होत्या. शिवाय चार बाइटचा आकडा चारच्या पाढ्यात येणाऱ्या जागेवरच बसतो, त्याच्याआधी एकच बाइट ठेवला तर मधले तीन फुकट जातात. म्हणून मी मोठे आकडे आधी घेतले, छोटे मागे. मधे एक बाइट होता, जो कुठेच वापरलेला दिसत नव्हता. तो काढून टाकला. टेबलावरचे दोन्ही नवे डबे एकमेकांशी व्यवस्थित बोलले.

हे सगळं मी कोणालाही न विचारता केलं. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी पाठ्यपुस्तकातलं. पहिल्या आठवड्यात मी एकदा ‘कृपया’ म्हणाले, तर सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायका दिवसभर एकमेकींना कृपया चहा देत होत्या. तेव्हापासून मी मान खाली घालून काम करायचे. ते मला सोयीचंही होतं.

एका दुपारी शहापूरकडच्या एका पाड्यावर पंपाचा नवा डबा जाणार होता. टाकीवरचा डबा जुनाच राहणार होता. जेवण झाल्यावर मी हेडरची शेवटची जुनी प्रत पुसायला घेतली आणि पुसण्याआधी सवयीने वाचली. मी काढलेल्या बाइटसमोर, फक्त या एका प्रतीत, रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ‘ही जागा रिकामी नाय. टाकीवरचा डबा ती मोजतो.’ लिहिणारे आमचे सर. मूळ प्रोग्रॅम त्यांचाच.

म्हणजे जुना डबा जुन्याच क्रमाने पातळी पाठवणार आणि माझा नवा डबा ती भलत्याच जागी वाचणार.

बाहेर डबे बसवायला जाणारे फिटरदादा तो डबा मोटारसायकलला दोरीने बांधत होते. सर शेजारी उभे होते. मी धावत गेले.

“सर, हा नेऊ नका,” मी म्हणाले. “माझ्याकडून चूक झाली आहे.”

काय चूक ते मी सांगितलं, अर्धं इंग्रजीत. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते फिटरदादांकडे वळले. “सोड रे दोरी. उद्या जा.”

“पाड्यावर सांगून ठेवलाय,” फिटरदादा कुरकुरले.

“मग परत सांग. पंप जळल्यावर सांगण्यापरीस बरा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तीन महिन्यांत आज आवाज ऐकला गो तुझा. माळ्यावर जुना टाकीचा डबा आहे, नवा त्याच्याशी लावून बघायचा असतो. ता मीच सांगितला नाय तुला.”

मला वाटलं होतं, ते ओरडतील. मी डबा घेऊन आत गेले.

संध्याकाळपर्यंत हेडर एकच उरलं. बाहेर पाठवायच्या माहितीचा क्रम सरांचा, त्या बाइटसकट. आतल्या कामाचा माझा. पाठवायच्या माहितीचा आकार बदलला तर प्रोग्रॅम तयारच होऊ नये अशी एक ओळही घातली. माळ्यावरच्या डब्याने पातळी बरोबर दाखवली. सरांचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं, ‘नाय’सुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिटरदादांचा फोन थेट मला आला. मी फोन सहसा उचलत नाही. हा उचलला.

“टाकी भरली. आपोआप बंद पण झाला,” ते म्हणाले. मागे पाड्यावरच्या बायकांचे आवाज येत होते. “सरांना सांग. आणि कृपया जेवून घे.”